आडवी मुंबई : उपनगरांतल्या लाल बसचा इतिहास

१/
१५ सप्टेंबर २०२३. अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झकडे जाणारी ४१५ क्रमांकाची दुमजली बस त्या दिवशी अखेरची धावली. बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकरची ती शेवटची नियमित प्रवासी सेवा. लोकांच्या मनातली डबलडेकर मात्र फोर्टात, कुलाब्यात, मरीन ड्राइव्हवर धावते. मग तिचा निरोप समारंभ अंधेरीच्या गर्दीत का व्हावा? या प्रश्नाच्या उत्तरात उपनगरी मुंबईचा मोठा इतिहास दडलेला आहे. त्याचाच हा धागा.

२/
आरंभ नकाशापासून करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. १८६७ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या बाजूने विरारहून शहरापर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. हे दोन्ही मार्ग उत्तर-दक्षिण. लोक स्थानकांभोवती राहू लागले आणि वस्तीही त्याच दिशेने लांबत गेली. रेल्वेने मुंबई अशी उभी वाढवली. तिला आडवे जोडण्याचे काम पुढे ज्या वाहनावर पडले, ते म्हणजे बस.

३/
आडवे जोडणे सोपे नव्हते. साष्टी बेटाच्या मधोमध डोंगर आणि जंगल. त्यांच्या कुशीत विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि पवई (१८९१) हे तलाव बांधले गेले. त्याखाली सांताक्रूझचा विमानतळ पसरला. परिणामी पूर्व उपनगरांतून पश्चिमेकडे जाण्यास रस्ते मोजकेच उरले. घोडबंदर रस्ता आणि आग्रा रस्ता, म्हणजे आजचे एस. व्ही. रोड आणि लालबहादूर शास्त्री मार्ग, हेही रेल्वेप्रमाणे उभेच धावतात. अंधेरी-कुर्ला रस्त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते.

४/
शहरातली सार्वजनिक वाहतूक मात्र दक्षिण टोकाला जन्मली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढलेली ट्रॅम कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या मार्गांवर धावू लागली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्रॅम आली. दादरला आजही काही जण ‘दादर टीटी’ म्हणतात. ते टीटी म्हणजे ‘ट्रॅम टर्मिनस’. माहीम आणि शीवच्या खाड्या ओलांडून साष्टीत ट्रॅमने कधीच पाऊल टाकले नाही. उपनगरांच्या वाट्याला ट्रॅमचे युग आलेच नाही.

५/
१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही शहरातली पहिली मोटारबस सुटली. आरंभी ताफा होता २४ बसचा. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे ६ लाख लोकांनी तिचा लाभ घेतला. पुढच्या वर्षी हा आकडा सुमारे ३८ लाखांवर गेला. ट्रॅम स्वस्त आणि कष्टकऱ्यांची, तर बस जरा बऱ्या स्थितीतल्या मध्यमवर्गाची, असा भेद प्रारंभी होता.

६/
१९३४ मध्ये बससेवा शहराच्या उत्तर भागाकडे सरकली. १९३७ मध्ये दुमजली बस आली. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी ‘मर्यादित’ बस सुरू झाली. ती मोजक्याच थांब्यांवर थांबत असे. येथे ‘माहीम’ हे टोक लक्षात घ्यावे. त्या काळी शहराच्या बसचे जग साधारण तेथेच संपत होते. खाडीच्या पलीकडचा माणूस या हिशेबात अजून नव्हता.

७/
पलीकडे तर वस्ती वेगाने वाढत होती. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या. पार्ले, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथे राहून फोर्टात नोकरी करणे शक्य झाले. घरापासून स्थानकापर्यंतची वाट पायी, टांग्याने किंवा खासगी कंपन्यांच्या बसने कापावी लागे. वांद्र्याची बांद्रा बस कंपनी ही त्यांपैकी एक. स्वातंत्र्यानंतर ती बेस्टमध्ये विलीन झाली.

८/
७ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना मुंबई महापालिकेने वीज आणि वाहतूक चालवणारी ही खासगी कंपनी ताब्यात घेतली. त्या वेळी २३ मार्गांवर २४२ बस धावत होत्या आणि रोज सुमारे २ लाख ३८ हजार प्रवासी त्यांतून जात होते. आता मालक शहरच होते. त्यामुळे ‘हा मार्ग फायद्याचा आहे का?’ या प्रश्नाशेजारी ‘येथील नागरिकाला बस मिळते का?’ हा दुसरा प्रश्न येऊन बसला. पुढची सारी कहाणी या दोन प्रश्नांच्या ओढाताणीची आहे.

९/
लवकरच या ओढाताणीला मोठे मैदान मिळाले. १९५० मध्ये महापालिकेची हद्द खाडी ओलांडून उपनगरांत गेली. १९५७ मध्ये ती पश्चिमेस दहिसर आणि पूर्वेस मुलुंडपर्यंत पोचली. मूळ बेट सुमारे ६८ चौरस किलोमीटरचे. बृहन्मुंबईचे क्षेत्र सुमारे ४३७ चौरस किलोमीटर. सात वर्षांत हद्द अनेक पटींनी वाढली. नव्या भागात रस्ते अरुंद, वस्ती विखुरलेली आणि मधे शेते, मिठागरे, खाजणे.

१०/
मग माणसे आली. १९५१ मध्ये बेटावर सुमारे २३ लाख लोक राहत होते आणि आजच्या उपनगरी हद्दीत जेमतेम साडेसहा लाख. १९७१ मध्ये बेटावर सुमारे ३१ लाख, उपनगरांत २९ लाख. १९८१ मध्ये बेट ३३ लाखांच्या आसपास थांबले होते, तर उपनगरे ४९ लाखांच्या पुढे गेली होती. २०११ च्या जनगणनेत बेटावर सुमारे ३१ लाख आणि उपनगरांत सुमारे ९४ लाख. साठ वर्षांत सारा भार खाडीच्या उत्तरेस सरकला.

११/
या आकड्यांमागे कारणे अनेक. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. पवईला १९५८ मध्ये आयआयटी आली. मरोळला औद्योगिक वसाहत वसली आणि १९७३ मध्ये तिच्या शेजारी सीप्झ हे निर्यातप्रधान क्षेत्र झाले. मालवणी, शिवाजीनगर अशा ठिकाणी विस्थापितांना वसवले गेले. १९८० च्या दशकात चारकोप आणि गोराई येथे जागतिक बँकेच्या साहाय्याने भूखंड आखून घरे उभी राहिली. गिरणी संपानंतर कामगारांची कुटुंबेही उत्तरेकडे सरकली.

१२/
यांतील बहुतेक ठिकाणे रेल्वे स्थानकापासून दूर आहेत. मालवणीचा रहिवासी मालाड स्थानकाला बसने येतो. सीप्झचा कामगार अंधेरीला उतरतो आणि पुढे बस शोधतो. बेटावरच्या माणसाला लोकल किंवा बस अशी निवड करता येते. उपनगरातल्या माणसाला बहुधा आधी बस, मग लोकल असे दोन्ही लागतात. उपनगरी बसच्या मागणीचे हे मूळ वैशिष्ट्य आहे.

१३/
मार्गांच्या क्रमांकांतही हा भूगोल वाचता येतो. एक-दोन अंकी आणि शंभराच्या मालिकेतले क्रमांक मुख्यतः शहराचे. दोनशेची मालिका पश्चिम उपनगरांची : २३१ सांताक्रूझ-जुहू, २५१ अंधेरी-वर्सोवा, २७२ मालाड-मार्वे. तीनशेची मालिका पूर्व उपनगरांची आणि तेथून निघणाऱ्या मार्गांची : ३१० कुर्ला-वांद्रे, ३३२ कुर्ला-अंधेरी. चारशेत उपनगरे एकमेकांशी जोडणारे अनेक मार्ग. पाचशेत नवी मुंबई. अपवाद आहेत, पण सर्वसाधारण चौकट ही.

१४/
पाचशेच्या मालिकेमागचे कारण सरळ आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल खुला झाला. पूल होताच नव्या शहराला जुन्या शहराशी जोडणारी बस हवी होती. त्या मार्गावर लोकल रेल्वे १९९२ मध्ये आली. दोन दशके मानखुर्द-वाशी हे अंतर मुख्यतः रस्त्यानेच कापले गेले. इतिहासात हे वारंवार दिसते : आधी बस जाते, मागणी सिद्ध करते आणि मग रूळ पडतात.

१५/
आता मागणीचे गणित पाहू. अंधेरीत एक लोकल थांबली की काही मिनिटांत शेकडो माणसे पूर्वेच्या दाराने बाहेर पडतात आणि पुढच्या लोकलपर्यंत चौक पुन्हा मोकळा होतो. बेटावरची मागणी दिवसभर संथ वाहते. उपनगरातली मागणी लाटांसारखी येते. म्हणून स्थानकाबाहेरच्या बसथांब्याला लांबच लांब रांगांसाठी लोखंडी कठडे लागले. मुंबईकराच्या रांगेचे कौतुक होते, त्या शिस्तीमागे ही निकड आहे.

१६/
लाटेचा दुसरा तोटा : ती एकाच दिशेने येते. सकाळी अंधेरीहून सीप्झकडे बस भरून जाते आणि परत येते ती जवळपास रिकामी. संध्याकाळी चित्र उलटे. गर्दीच्या दोन-तीन तासांसाठी जितक्या बस आणि कर्मचारी लागतात, त्यांतले अनेक दुपारी कामाविना राहतात. तरीही त्यांचा खर्च पूर्ण दिवसाचा. उपनगरी मार्ग गच्च भरलेला दिसूनही तोट्यात का जातो, याचे हे एक उत्तर.

१७/
दुसरे उत्तर तिकिटात आहे. बसचे भाडे टप्प्यांवर ठरते. लांब मार्गावर एक आसन अनेकदा विकले जाते, कारण माणसे मधे उतरतात आणि नवी चढतात. स्थानक ते वसाहत या तीन-चार किलोमीटरच्या मार्गावर मात्र जवळजवळ सारे पहिल्या थांब्यावर चढतात आणि शेवटाकडे उतरतात. म्हणजे एका फेरीत एका आसनाचे एकच किमान भाडे. गर्दी तीच असूनही उत्पन्न कमी.

१८/
तिसरे उत्तर वेगाचे. समजा, एका मार्गाची पूर्ण फेरी ६० मिनिटांची आहे आणि दर १० मिनिटांनी बस द्यायची आहे. त्यासाठी ६ बस लागतात. वाहतूक कोंडीमुळे फेरी ९० मिनिटांची झाली, तर तेवढ्याच सेवेला ९ बस हव्यात. बस वाढल्या नाहीत, तर अंतर १५ मिनिटांवर जाते. प्रवासी वाढला नाही, थांबा बदलला नाही, तरी सेवा खालावली. उपनगरांत मोटारी वाढल्या, तेव्हा नेमके हेच घडले.

१९/
आडवे दुवे किती नाजूक असतात, हे अंधेरीच्या गोखले पुलाने दाखवले. रूळ ओलांडून पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या या पुलाचा काही भाग ३ जुलै २०१८ रोजी कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडकामासाठी तो पूर्ण बंद झाला आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंशतः खुला झाला. मधल्या काळात बसना वळसे घ्यावे लागले आणि उरलेल्या पुलांवर सारा भार पडला. रूळ ओलांडायचे ठिकाण एक कमी झाले, की सारा परिसर अडतो.

२०/
अशा मागणीला उत्तर देणारे वाहन कोणते? बेस्टने प्रयोग पुष्कळ केले. १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी विजेच्या तारांवरची ट्रॉलीबस चालवली. ती १९७१ पर्यंत टिकली. ट्रॅम ३१ मार्च १९६४ च्या रात्री इतिहासजमा झाली. उपनगरातल्या लाटेला मात्र डबलडेकर अचूक बसली : रस्त्यावर जागा एका बसची आणि प्रवासी सुमारे दीडपट. एक लोकल रिकामी झाली, की तिच्या दोन मजल्यांत मोठी रांग सामावे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेस्टकडे सुमारे ९०० डबलडेकर होत्या.

२१/
म्हणजे ४१५ क्रमांकाच्या मार्गावर डबलडेकर टिकली, त्यामागे तर्क होता. अंतर थोडे, रांग मोठी, आणि प्रवासी एका टोकाला चढून दुसऱ्या टोकाला उतरणारे. दक्षिण मुंबईत तिची ओळख पर्यटनाची होत गेली. अंधेरी पूर्वेत ती अखेरपर्यंत कामगारांची आणि कारकुनांची गाडी राहिली. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या आसनाचे आकर्षण मात्र दोन्हीकडे सारखेच.

२२/
मग ती गेली का? दोन मजल्यांसाठी दोन वाहक लागत. इंधन अधिक लागे. उपनगरांत उड्डाणपूल, पादचारी आकाशमार्ग आणि झाडांच्या फांद्या तिच्या उंचीच्या आड येत. २००८ नंतर बेस्टने अशा नव्या गाड्या घेतल्या नाहीत. गाडीचे ठरलेले आयुष्य पंधरा वर्षांचे. २००८ मध्ये पंधरा मिळवले की २०२३ येते. अखेरच्या फेरीची तारीख अशी पंधरा वर्षे आधीच ठरली होती. २०२३ मध्येच वातानुकूलित विद्युत डबलडेकर आली, पण संख्येने मोजकी.

२३/
आता पैशाची बाजू. बेस्टचा वीजपुरवठा केवळ बेटापुरता आहे. उपनगरांना वीज देणारी कंपनी वेगळी होती. बस मात्र संपूर्ण बृहन्मुंबईत. अनेक दशके वीज विभागाच्या शिलकीतून बस विभागाची तूट भरून निघे. म्हणजे कुलाब्यात पेटलेल्या दिव्याचा काही पैसा मालवणीच्या बसला लागे. हे न्याय्य की अन्याय्य, यावर मतभेद होते. पण स्वस्त उपनगरी बस या व्यवस्थेवर उभी होती, हे निर्विवाद.

२४/
२००३ चा वीज कायदा आला आणि हिशेब वेगळे मांडण्याची अपेक्षा बळावली. ‘वीजग्राहकाने बसचा तोटा का सोसावा?’ हा प्रश्न नियामक आयोगापर्यंत आणि न्यायासनापर्यंत गेला. काही काळ वाहतूक तूट वसुलीसाठी वीजबिलात वेगळा आकार घेतला जाई. पुढे तोही थांबला. एका कायद्यात बस हा शब्द प्रमुख नव्हता, तरी त्याने बसचा आधार काढून घेतला. वाहतुकीचा इतिहास वाचताना वाहतुकीच्या बाहेरचे कायदेही वाचावे लागतात, ते यासाठी.

२५/
त्याच सुमारास स्पर्धकही बळावले. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेस रिक्षांना परवानगी नाही, उपनगरांत आहे. स्थानकाबाहेरची शेअर रिक्षा चार माणसे भरली की निघते, वेळापत्रकाची वाट पाहत नाही. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली : ११.४ किलोमीटर, १२ स्थानके. हा आडवा रूळमार्ग. दशकानुदशके घाटकोपर-अंधेरी मार्गावर बसने जी मागणी सिद्ध केली होती, तिचा मोठा वाटा मेट्रोकडे गेला.

२६/
मधल्या काळात वातानुकूलित बसचा प्रयोगही झाला. मोटारीतून जाणाऱ्यांना बसकडे वळवायचे, हा हेतू. त्या गाड्यांची देखभाल महाग पडली, भाडे जास्त असल्याने आसने रिकामी राहिली आणि एप्रिल २०१७ मध्ये ती सेवा बंद झाली. चुकीचा धडा घेणे सोपे होते : ‘मुंबईकराला गारवा नको.’ दोन वर्षांनी हा निष्कर्ष खोटा ठरणार होता.

२७/
२०१० च्या आसपास बेस्टकडे साडेचार हजारांहून अधिक बस आणि रोजचे ४० लाखांहून अधिक प्रवासी होते. पुढच्या काही वर्षांत भाडे वाढले, बस कमी झाल्या, कोंडी वाढली. प्रवासी रिक्षाकडे वळले, उत्पन्न घटले आणि मार्ग आखडले. मार्ग आखडताच आणखी प्रवासी गेले. २०१९ च्या मध्यापर्यंत रोजची संख्या २० लाखांच्या आसपास आली. ‘बसची मागणीच संपली’ असे म्हटले जाऊ लागले.

२८/
जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. ८ तारखेला सुरू झालेला हा संप नऊ दिवस चालला. बेस्टच्या इतिहासातला तो सर्वांत लांब संप. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा, ही एक प्रमुख मागणी. म्हणजे १९४७ चाच प्रश्न पुन्हा समोर आला : बस हा व्यवसाय मानायचा की पाणी आणि रस्त्यांसारखी नागरी सेवा?

२९/
९ जुलै २०१९ रोजी महापालिकेच्या अर्थसाहाय्याच्या बळावर बेस्टने भाडे उतरवले. पहिल्या पाच किलोमीटरसाठी ८ रुपयांऐवजी ५ रुपये, वातानुकूलित बससाठी ६ रुपये. काही महिन्यांत रोजची प्रवासीसंख्या ३० लाखांच्या घरात गेली. सहा रुपयांच्या गार बसला रांगा लागल्या. ‘संपलेली’ मागणी थांब्यापासून हाकेच्या अंतरावर, शेअर रिक्षात बसून होती.

३०/
मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने लोकल थांबली. रुग्णालयांचे कर्मचारी, सफाई कामगार आणि पोलीस यांना कामावर नेण्याचे ओझे बसवर आले. बेस्टच्या गाड्या हद्दीबाहेर दूरवर गेल्या. राज्यभरातून एसटीच्या गाड्या आणि चालक-वाहक मुंबईत आले. सर्वांसाठी लोकल फेब्रुवारी २०२१ मध्ये खुली झाली. त्या काळात उभी मुंबई बंद होती आणि जे शहर चालले, ते बसच्या चाकांवर.

३१/
त्यानंतरचे चित्र संमिश्र आहे. स्वतःच्या बस मोडीत गेल्या आणि त्यांची जागा भाडेतत्त्वावरच्या, कंत्राटदारांच्या चालकांनी चालवलेल्या गाड्यांनी घेतली. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात ३३२ क्रमांकाच्या अशाच विद्युत बसच्या अपघातात अनेकांचा जीव गेला आणि चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. ९ मे २०२५ पासून किमान भाडे १० रुपये झाले, वातानुकूलित बसचे १२. ताफा तीन हजारांखाली आहे. १९५७ नंतर जी हद्द सांभाळायची होती, ती मात्र तेवढीच आहे आणि लोक कित्येक पटींनी अधिक.

३२/
या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. उपनगरातली मागणी म्हणजे निसर्गाने दिलेला ठरीव आकडा नव्हे. भाडे, दोन बसमधले अंतर, पूल आणि वसाहती यांबाबतचे निर्णय तिला घडवतात. १९५७ ची हद्द, १९७३ चे सीप्झ, २००३ चा कायदा, २००८ ची थांबलेली खरेदी आणि २०१९ ची दरकपात हे सारे माणसांनी घेतलेले निर्णय होते. प्रत्येकाचा परिणाम शेवटी थांब्यावरच्या रांगेत उमटला.

३३/
इतिहास शोधण्यासाठी नेहमीच पुराभिलेखागार गाठावे लागत नाही. घराजवळच्या थांब्यावरचे क्रमांक उतरवून घ्यावेत. त्यांची मालिका, त्यांची टोके आणि तेथील वसाहतीचे वय पाहावे. कोणती बस बंद झाली आणि कधी, हे थांब्यावरच्या वयस्कर प्रवाशाला विचारावे. रेल्वेचा इतिहास दगडी स्थानकांत उभा असतो. बंद पडलेल्या बसमार्गाची खूण मात्र रस्त्यावर उरत नाही, ती केवळ प्रवाशांच्या स्मरणात असते. ती नोंदवण्याचे काम अजून बरेच बाकी आहे.

॥ धागा समाप्त ॥